मलावीला निघालोय, सामान अजून दोन किलो जास्त आहे

अकरा दिवस राहिलेत. हॉलमध्ये चार बॅगा आ वासून पडल्यात, तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन चालतात, आणि मी तो लटकवायचा वजनकाटा घेऊन दिवसातनं तीनदा त्याच बॅगा उचलतोय. बायको रात्री एक वस्तू काढते, आई दुपारी ती गुपचूप परत घालते. काल माझ्या सेफ्टी शूजच्या आत काळ्या मसाल्याची पिशवी सापडली. असं चाललंय. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, दोन तरुण जोडपी परवा विचारत होती की दादा, मिशनरी म्हणून बाहेर जायचं तर नेमकं करायचं काय असतं, तर पटकन तोंडातनं निघालं की आधी लग्नाचा दाखला शोधा. ती हसली. मी मस्करी करत नव्हतो. म्हणून म्हटलं डोकं जागेवर आहे तोवर लिहून काढावं.

आम्ही नाशिकचे. मी आयटीआय वायरमन, अंबड एमआयडीसीत बारा वर्षं मेंटेनन्सला होतो आणि नंतर हॉस्पिटलची मशीनं दुरुस्त करायच्या कामाला लागलो. बायको नर्स, सोळा वर्षं, त्यातली बरीचशी लेबर वॉर्ड आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात. दोघांपैकी पाळक, म्हणजे पाद्री, कोणी नाही. हे आधीच सांगतोय कारण मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एक तर पांढरा झगा येतो नाहीतर पेपरातली भांडणं येतात. शेजारच्या काकूंना वाटलं आफ्रिकेत पगार चांगला मिळतो म्हणून चाललोय, त्यांनी मुलासाठीपण चौकशी केली. मंडळीत उलट, मला लगेच प्रवचनाला उभं करायला लागले. मी पुलपिटवर, प्रवचनाच्या चौथऱ्यावर, उभा राहिलो की हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, हातात टेस्टर असला तर बरं वाटतं.

सुरुवात झाली २०२३ च्या मार्चमध्ये. ओळखीतले एक डॉक्टर दक्षिण मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलात काम करतात, त्यांचं प्रार्थनेसाठी पत्र दर दोन महिन्यांनी येतं. मलावी कुठे आहे हे मलाही तेव्हा नकाशात शोधावं लागलं होतं, झांबिया, टांझानिया आणि मोझांबिकच्या मध्ये दाबलेली एक लांबट पट्टी आणि तिच्या कडेने भलंमोठं सरोवर. त्या वर्षी तिथे आधीच कॉलऱ्याची साथ होती, त्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी, १७०० च्या वर माणसं गेली, आणि त्यातच मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं. ब्लँटायर शहराच्या आसपासचे डोंगरउतार खाली आले, घरंच्या घरं चिखलाखाली. हजारावर माणसं मेली किंवा सापडलीच नाहीत. डॉक्टरांच्या पत्रात हे सगळं होतं पण माझ्या डोक्यात राहिला तो एक फोटो. हॉस्पिटलच्या मागच्या शेडमध्ये बंद पडलेल्या मशीनांचा ढीग, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन, हत्यारं निर्जंतुक करायचा एक ऑटोक्लेव्ह ज्याचं झाकण तारेने बांधलेलं. देशोदेशींहून दान आलेली मशीनं. कुठल्याला तिथलं व्होल्टेज झेपलं नाही, कुठल्याचा एक फिल्टर मिळेना. मी तो फोटो झूम करकरून बघत होतो आणि बायको मागून म्हणाली, "एवढं काय बघताय?" मी म्हटलं यातली निम्मी तरी चालू होतील. ती काहीच बोलली नाही. रात्री झोपताना म्हणाली, "मला वाटतं आपण जावं."

आमच्यात याला पाचारण म्हणतात, म्हणजे देवाचं बोलावणं. साक्ष देताना लोक सांगतात की प्रभू माझ्याशी बोलला, अमुक वचन मिळालं. तिला मिळालं असेल, ती सांगत नाही. मला कुठलाही आवाज ऐकू आला नाही, मला झाकणाला बांधलेली तार दिसली. मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या संस्थेच्या इंटरव्ह्यूत मी तेच सांगितलं आणि वाटलं आता रिजेक्ट, पण समितीतले एक वयस्कर गृहस्थ फक्त "हं" म्हणाले आणि पुढे गेले.

नातेवाइकांचं वेगळंच. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही आम्हाला. त्यामुळे आत्या म्हणाली देवाने तुम्हाला यासाठीच मोकळं ठेवलं. चांगल्या मनाने म्हणाली, माहितीये, पण बायको त्या दिवशी जेवली नाही. मूल असतं तरी आम्ही गेलो असतो, फक्त शाळेचा एक फॉर्म वाढला असता. हे एकदा लिहून टाकतो म्हणजे परत कोणाला उत्तर द्यायला नको.

ज्या संस्थेतर्फे जातोय तिने पाच आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं, बंगलोरच्या बाहेर. तिथे पहिल्याच आठवड्यात शंभराची नोट देऊन बाजारात सोडलं, हिंदी इंग्रजी बोलायचं नाही, संध्याकाळपर्यंत वीस कन्नड शब्द माणसांकडून शिकून यायचे. बायको एका फुलवालीजवळ बसली आणि तीस शब्द आणि एक गजरा घेऊन आली. मी नऊ शब्द आणले, त्यातले चार भाज्या होत्या.

पण खरं शिकलो ते पंख्यावरनं. आमच्या खोलीतला पंखा खडखडत होता, तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढून तो नीट केला, शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. ट्रेनर म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?" कोणीच नाही, पण बिघडला होता ना. "इथे पंखे कोण बघतो ते विचारलंत?" नाही विचारलं. तिथे एक इलेक्ट्रिशियन होता, आठवड्यातनं दोनदा यायचा, त्याला माझ्यासमोर बोलावलं, आणि तो बिचारा उगाच माझी माफी मागायला लागला की साहेब मी करणारच होतो. इतकं लाजल्यासारखं मला आयुष्यात झालं नव्हतं. मग ट्रेनरनी सांगितलं की मलावीतल्या त्या हॉस्पिटलातपण एक माणूस आहे, बारा वर्षं तीच मशीनं तारेने बांधून का होईना चालवतोय. ते झाकण त्यानेच बांधलंय. तू पोचल्यावर पहिले सहा महिने त्याच्या हाताखाली काम करायचं. तोवर माझ्या डोक्यात त्या फोटोत माणूसच नव्हता, फक्त मशीनं होती.

ट्रेनिंगच्या शेवटी मानसोपचारतज्ज्ञांशी दोघांची वेगवेगळी मुलाखत, आणि मग फॉर्मांचा गठ्ठा. त्यात अकराव्या पानावर होतं: मृत्यू झाल्यास दफन त्याच देशात करावं की पार्थिव भारतात आणावं. दोन चौकोन, एकात टिक करायची. बायकोने लगेच पहिल्यावर केली, पेन कागदावरनं उचललंसुद्धा नाही. मी ते पान तसंच ठेवलं. तीन आठवडे ठेवलं.

इथे थोडं बाजूला जातो, पण सांगायलाच पाहिजे कारण नाशिकच्या लोकांनाच हे माहीत नाही. शरणपूर रोडवरनं आपण रोज जातो. ते शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती, आणि तिथे आफ्रिकन मुलं राहायची. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं, त्यातनं सोडवलेली मुलं मुंबईला यायची आणि त्यातली बरीच नाशिकला पाठवली जायची. तिथे त्यांना लिहा-वाचायला शिकवायचे, सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. म्हणजे माझ्यासारखंच, आयटीआय. त्यांना नासिक बॉइज म्हणायचे. आफ्रिकेत सफरी करणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये इकडे आला तेव्हा त्यातली काही मुलं पुढच्या सफरीसाठी घेऊन गेला, आणि नंतर १८७२ मध्ये त्याच्या मदतीला जी तुकडी पाठवली तिच्यातही नाशिकची मुलं होती, त्यातला एक जेकब वेनराइट. लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला. त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं, दफनविधीचं वाचन जेकबने केलं, झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. आणि बाकीचं शरीर उन्हात सुकवून, कापडात आणि सालीत गुंडाळून, हजार मैलांच्या वर चालत समुद्रापर्यंत आणलं. सगळ्यात पुढे होते त्याचे जुने सोबती चुमा आणि सुसी. हा चुमा मूळचा आजच्या मलावीतला, लहानपणी गुलामांच्या तांड्यातनं सुटलेला, आणि मधली वर्षं कुठे होता तर मुंबईत, मिशनच्या शाळेत. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं तेव्हा नाशिकला शिकलेला जेकब पेटीला हात लावून चालत होता.

लहानपणी संडे स्कूलमध्ये आम्हाला लिव्हिंगस्टनची गोष्ट सांगायचे, चित्र होतं, टोपी आणि मिशा. जेकब शरणपूरचा हे कोणी सांगितलं नाही. गोष्टीत लिव्हिंगस्टन मिशनरी आणि बाकीचे त्याचे विश्वासू नोकर. माझं मत विचाराल तर मिशनरी कोण होतं हे नीट बघायला पाहिजे. असो. सांगायचा मुद्दा एवढाच की अकराव्या पानावर टिक करताना माझ्या डोळ्यासमोर ती माणसं यायची, खांद्यावर एक मेलेला माणूस घेऊन नऊ महिने. मेलेलं माणूस घरी आणायचं म्हणजे कोणालातरी उचलावं लागतं. आता विमा कंपनी उचलते, त्याचा हप्ता वेगळा, मी विचारून ठेवलाय.

आता लग्नाचा दाखला. आमचं लग्न चर्चमध्ये झालं, रजिस्टरमध्ये सह्या झाल्या, पाळकसाहेबांनी सही शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं, अकरा वर्षं तेच सगळीकडे चाललं. कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून अपोस्टिल करायला दिलं तर आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन, आणि तिथे म्हणाले हे नाही चालणार, महानगरपालिकेच्या विवाह नोंदणीचं आणा. म्हणजे नोंदणी आता करायची. त्याला तीन साक्षीदार, लग्नातला फोटो, लग्न लावणाऱ्याची सही आणि लग्नपत्रिका. अकरा वर्षांपूर्वीची पत्रिका कोण ठेवतं? आमच्याकडे एक नव्हती. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, सगळ्यांनी शुभेच्छा पाठवल्या, पत्रिका कोणाकडेच नाही. शेवटी मावससासूबाईंकडे मिळाली कारण त्यांनी तिच्या मागच्या बाजूला लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवलं होतं. द्यायला तयार नव्हत्या, आधी प्रमाण उतरवून घेतलं. ज्यांनी लग्न लावलं ते पाळकसाहेब रिटायर होऊन जालन्याला, त्यांच्याकडे फॉर्म घेऊन गेलो, त्यांना आम्ही आठवत नव्हतो पण चहा, जेवण, प्रार्थना सगळं झालं आणि सही करताना म्हणाले, "भांडत नाही ना?" बायको म्हणाली सध्या फक्त कागदांवरनं. तो दाखला हातात यायला सात आठवडे, मग मंत्रालय, मग दिल्लीचा अपोस्टिलचा स्टिकर. माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटचं त्याहून लवकर झालं.

बायकोचं नर्सिंग रजिस्ट्रेशन ही अजून वेगळी गोष्ट. इकडच्या कौन्सिलने तिकडच्या कौन्सिलला थेट पत्र पाठवायचं की ही नर्स खरी आहे आणि हिच्यावर तक्रार नाही. इकडचे म्हणतात पाठवलं, तिकडचे म्हणतात आलं नाही. चार महिने. नंतर कळलं मधल्या एका ऑफिसात कोणाच्यातरी टेबलावरच होतं. कोणाचं नाव घेत नाही, टेबलं सगळीकडे सारखीच.

पोलीस व्हेरिफिकेशनला जे हवालदार आले ते भले माणूस. पत्रात मिशन हॉस्पिटल वाचून म्हणाले, "ते धर्मांतर वगैरे नाही ना?" मी म्हटलं ऑटोक्लेव्ह दुरुस्त करायला चाललोय. "म्हणजे?" मोठा कुकर, त्यात ऑपरेशनची हत्यारं शिजवतात. ते हसले, सही केली. नंतर मला जरा चुटपूट लागली. खोटं नव्हतो बोललो, पण पूर्णपण नव्हतो बोललो. कोणी तिथे विचारलं की इतक्या लांब का आलास तर मी येशूचं नाव घेणारच. न विचारता घेणार नाही, तो माझा पिंड नाही. पण कुकर एवढंच कारण आहे असं मी म्हणालो तर तेही खरं नाही.

पीतज्वराची लस मुंबईला घेतली. मलावीत तो आजार नाही, पण आमचं विमान आदिस अबाबावरनं आणि इथिओपिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे, शिवाय परत येताना आपल्याच एअरपोर्टवर कागद नसला तर क्वारंटाइनची भानगड, म्हणून संस्थेने सांगितलं घेऊनच टाका. ही लस कुठेही मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य सेंटरलाच, आणि एक बाटली फोडली की तीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या वारी माणसं गोळा करून देतात. आमच्याबरोबर रांगेत जहाजावरचे खलाशी आणि घानाला निघालेला एक इंजिनिअर होता. अंड्याची ॲलर्जी आहे का विचारतात. पिवळी पुस्तिका मिळते, ती दहा दिवसांनंतर लागू होते, आणि पूर्वी दर दहा वर्षांनी घ्यायला लागायची ती २०१६ पासून जन्मभर चालते. आमच्या गठ्ठ्यात जन्मभर चालणारा कागद हा एकच.

पैशाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. हॉस्पिटल घर देतं आणि थोडा भत्ता तिथल्या चलनात, क्वाचात देतं. बाकी तिकिटं, विमा, तिथे काम करायच्या परमिटची फी, इकडचं आईचं औषधपाणी, परत आल्यावर सहा महिने जगायला काहीतरी, हे सगळं आपण मंडळ्यांमधनं उभं करायचं. म्हणजे मागायचं. मी वीस वर्षं दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, पाकिटात घालून देत आलोय, घ्यायची सवय नाही. पहिली कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, एका बेकरीवाल्यांच्या घरी होती, मी लॅपटॉपवर मलावीचे फोटो दाखवले, सरोवर, हॉस्पिटल, मशीनांचा ढीग, आणि पैशाची स्लाइड आली तशी ती पुढे ढकलून प्रार्थनेवर गेलो. बायकोने सगळ्यांसमोर सांगितलं, "ते एक पान विसरले, मागे घ्या." मग तिनेच आकडा सांगितला. महिन्याला अठ्ठेचाळीस हजार आणि सुरुवातीला एकरकमी साडेचार लाख. खोलीत शांतता. मग कोणीतरी समोसे आणले.

त्या वर्षभरात मला कळलं की कोण किती देईल याचा आपला अंदाज कधीच बरोबर येत नाही. ज्यांच्या दारात दोन गाड्या त्यांनी "प्रार्थनेत आठवण ठेवू" सांगितलं. माझ्या जुन्या कंपनीतला एक मित्र, घरी गणपती बसवणारा, दर महिन्याला पाचशे पाठवतो, म्हणतो तू मशीन दुरुस्त करणार ना, मग झालं. हंगामाच्या सणाला लोक घरचं धान्य, भाज्या, कोंबडी चर्चमध्ये आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो, त्या वर्षीचा लिलाव आमच्यासाठी केला. एक नारळ दोन हजार शंभरला गेला, ज्याने घेतला त्याने परत लिलावात टाकला, मग सोळाशेला गेला, असं तो एकच नारळ चार वेळा विकला. तो आता आमच्या देवळीत आहे, फोडायचं धाडस होत नाही.

मग सीए. त्यांनी सगळ्या उत्साहावर पाणी ओतलं आणि बरं केलं. म्हणाले, लोकांनी थेट तुमच्या खात्यात टाकले आणि वर्षाला पन्नास हजाराच्या वर गेले तर त्यावर तुम्हाला टॅक्स, कारण हे लोक तुमचे कायद्यातले नातेवाईक नाहीत. मी म्हटलं आम्ही एकमेकांना भाऊ-बहीणच म्हणतो. ते म्हणाले, इन्कम टॅक्सवाले नाही म्हणत. ट्रस्टमधनं द्यावेत तर ट्रस्टने देशाबाहेर खर्च केला की सूट अडकते, त्याला वरनं परवानगी लागते. शेवटी संस्थेच्या पगारावर घेऊन इकडच्याच खात्यात, असा रस्ता निघाला, आणि ते खातंही बाहेर नोकरीला चाललो म्हणून एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यावं लागलं. बँकेतल्या पोराने माझ्यासमोर गूगल केलं. मध्येच २०२३ च्या नोव्हेंबरात मलावीने क्वाचाची किंमत पाडली, एका झटक्यात ४४ टक्के, डॉलरला ११८० च्या आसपास होता तो १७०० झाला. आमचा जूनमधला बजेटचा कागद रद्दी. रुपये जास्त क्वाचा आणतील म्हणून मी खूश होतो, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं खूश होऊ नका, इथे पीठ महागलंय आणि तुमच्याबरोबर काम करणाऱ्या माणसाचा पगार तेवढाच आहे.

भाषा चालू आहे. आठवड्यातनं तीनदा मलावीच्या राजधानीतल्या, लिलोंग्वेच्या बाई ऑनलाइन शिकवतात, आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे साडेचार. चिचेवा. मुली ब्वांजी, कसे आहात. झिकोमो, आभार. बायांना अमायी म्हणायचं आणि पुरुषांना बाम्बो, आईला अमायी एका फटक्यात पाठ झालं, म्हणाली यात शिकायचं काय, माय तर आहे. र आणि ल मध्ये त्यांना फार फरक वाटत नाही, माझ्यासारख्याला सोयीचं. बायको स्वयंपाक करताना कुकरला विचारत असते, "मुकुम्वा कुवावा कुती?" म्हणजे कुठे दुखतंय. मक्याच्या पिठाचा न्सिमा पण करून बघितला, घट्ट उकडीसारखा, हाताने गोळा करून भाजीत बुडवायचा. आईने खाल्ला आणि म्हणाली मीठ विसरलीस. मीठ नसतंच त्यात म्हटलं तर तिने पिशवीत मीठ भरलं. ते मीठ मी परवा काढलं.

आई भावाकडे राहणार. तिने एकदाही जाऊ नका म्हटलं नाही, आणि हेच जड जातंय. एकदाच, कुकरच्या जादा रिंगा बॅगेत ठेवताना, विचारलं, "मी गेले तर किती वेळात पोचशील?" मी खरं सांगितलं, फ्लाइट मिळाली तर दोन दिवस. ती म्हणाली, "दोन दिवस बर्फात ठेवू नका मला, सर्दी होते." आणि हसली. त्या रात्री मी अकरावं पान काढून टिक केली. कुठल्या चौकोनात ते बायकोला सांगितलंय, इथे नाही लिहीत, आई हे वाचणारे.

परमिट यायला लागले आठ महिने. ते मलावीच्या बाहेर असतानाच घ्यावं लागतं, त्यामुळे नोकरी सोडायची कधी, घर सोडायचं कधी, काही ठरवता येत नाही, लोक दर रविवारी विचारतात "अजून इथेच?" आणि आपण दात काढायचे. आलं तेव्हा मी दुधाच्या रांगेत होतो. अ‍ॅक्टिव्हा विकली, फ्रीज मेव्हण्याला दिला, तांब्याचा बंब कोणालाच नको होता तो चर्चच्या स्टोअरमध्ये. तिकडचे प्लग इंग्लंडसारखे चौकोनी पिनांचे म्हणून अडॅप्टर घेतलेत, मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, फ्यूज, मच्छरदाण्या. तारपण घेतलीये थोडी.

एक राहिलंच. मंडळीत एक मावशी आहेत, मिशन हॉस्पिटलातनं आया म्हणून रिटायर झालेल्या, त्या पहिल्या मीटिंगपासून महिन्याला पन्नास रुपये देतात, रोख, कारण फोन साधा आहे. कोणीतरी त्यांना म्हणालं मावशी तुम्ही बायबलातल्या, होत्या नव्हत्या त्या दोन दमड्या दान टाकणाऱ्या विधवेसारख्या, तर भडकल्या, "माझा नवरा जिवंत आहे, घरी टीव्ही बघत बसलाय." त्या नुसते पैसे देत नाहीत, हिशोब मागतात. विमा कशाला, दोन सूटकेस कशाला, ट्रेनिंगला एसी होता का. क्वाचा पडला तेव्हा त्यांनाच सगळ्यात आधी समजावून सांगावं लागलं, आणि मंडळीत तो प्रश्न नीट कळलेल्या त्या एकट्याच असाव्यात. त्यांच्यासाठी मी एक शंभर पानी वही केलीये, दर महिन्याला जमा-खर्च लिहून दाखवायचा आणि त्यांनी ओळींवरनं अंगठा खाली ओढत बघायचा.

काल उपासनेनंतर पुढे बोलावून आमच्यासाठी प्रार्थना झाली, लोकांनी डोक्यावर हात ठेवले, फोटो झाले. बाहेर चपला घालत होतो तेव्हा मावशी आल्या आणि रुमालातनं सहा नोटा काढून दिल्या. सहा महिन्यांचे, आगाऊ. म्हणाल्या, "तुझ्या भावाकडे मी देणार नाही, तो हिशोब ठेवत नाही." मी म्हटलं मावशी, फोटो काढून पाठवत जाईन वहीचा, भाऊ दाखवेल तुम्हाला. "ते बघू. आत्ता लिही."

चर्चच्या पायरीवर बसून लिहिलं. तीनशे, जमा. त्यांनी वही उलटी करून तारीख तपासली, आणि मग म्हणाल्या की मागच्या महिन्याच्या पानावर रिक्षाचे ऐंशी रुपये दोनदा लागलेत.